स्क्रिप्टमधून सर्व्हिसची स्थिती नीट वाचता येईल अशी कशी छापायची?

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याजवळच्या बर्फ कारखान्यातला तुमचा लिनक्स सर्व्हर पावसात लाइट गेली-आली की पुन्हा उठतो, आणि कोणती सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालू, कोणती बंद हे रात्रपाळीवाल्याला चटकन कळायला हवं, असा प्रश्न आहे.

सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडच्या ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’चं आउटपुट ग्रेप करू नका (म्हणजे त्यात शब्द शोधू नका), ते माणसांनी वाचायला आहे. नुसतं हो-नाही हवं तर ‘सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह’ चालवून एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा) बघा. 0 म्हणजे चालू. तपशिलासाठी ‘सिस्टमसीटीएल शो’ वापरून ॲक्टिव्हस्टेट (आत्ताची स्थिती) आणि रिझल्ट (नीट चालली की कशामुळे पडली) मागा.

माझ्या मते ‘शो’मधलाच एनरिस्टार्ट्स, म्हणजे सर्व्हिस आपोआप किती वेळा पुन्हा सुरू झाली तो आकडा, तर छापायलाच हवा. ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ (बंद पडली की आपोआप पुन्हा सुरू कर) ही सेटिंग असेल तर सतत पडून उठणारी सर्व्हिससुद्धा तपासाच्या क्षणी चालू दिसू शकते. हा आकडा वाढत असेल तर काहीतरी बिघडलंय. शिवाय ‘सिंपल’ या प्रकारच्या सर्व्हिसमध्ये स्टार्ट यशस्वी झाल्यावरही प्रोग्रॅम लगेच बंद पडू शकतो, म्हणून दोन-तीन सेकंद थांबून तपासा.

मराठीत छापणार असाल तर एक अडचण येईल: बॅशचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलचा) प्रिंटएफ, म्हणजे मजकूर रकान्यांत छापणारी कमांड, रुंदी अक्षरांत नाही तर बाइटमध्ये मोजतो आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, त्यामुळे रकाने वाकडे होतात. ‘चालू’, ‘बंद’ हे शब्द ओळीच्या शेवटी ठेवा.