लंडनचं मैदान आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाबद्दल, म्हणजे 27 जुलै 2012 च्या सोहळ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. शाळांनी स्नेहसंमेलनाची तयारी सुरू करण्याआधी तो मुलांना दाखवावा, एवढंच म्हणणं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली आणि बरीचशी नाराजीची आहेत. त्यातली काही इथे घेते.

ताई, तुमचं वाचून आम्ही घरातल्या सगळ्यांनी बसून तो सोहळा पाहिला. माझे दीर इंग्लंडात स्विंडनला असतात. ते म्हणतात, त्या रात्री तिथले लोक रडले. आम्हाला मात्र हॉस्पिटलच्या खाटांवर उड्या मारणारी मुलं, मेंढ्या, धुराडी यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. त्यापेक्षा बीजिंगचा सोहळा किती भव्य होता! आमचंच काही चुकलं का?
एक वाचक, म्हापसा

तुमचं काही चुकलं नाही. बीजिंगला 2008 साली 2008 वादक एका तालात वाजवत होते. ते बघताना अंगावर काटा यायला चीनचा इतिहास माहीत असावा लागत नाही. लंडनचे दिग्दर्शक डॅनी बॉइल आधी आपल्या घरच्या माणसांशी बोलले, जगाशी नंतर. त्यामुळे आपल्यासारख्यांना थोडं विचारून घ्यावं लागतं.

खाटांचंच घ्या. महायुद्धाने खंक झालेल्या ब्रिटनने 1948 साली सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. माणूस आजारी पडला तर उपचाराच्या वेळी त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत, हे तिचं तत्त्व. मैदानावरच्या त्या 320 खाटांभोवती नाचणाऱ्यांत खऱ्या परिचारिका आणि रुग्णालयांतले खरे कर्मचारी होते. आणि खाटांच्या मधोमध गोष्टीतले राक्षस कुठून आले? लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट नावाचं मुलांचं रुग्णालय आहे. लेखक जे. एम. बॅरी यांनी 1929 साली आपल्या ‘पीटर पॅन’चे हक्क त्या रुग्णालयाला देऊन टाकले. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग मैदानात येऊन वाचतात तो उतारा त्याच पुस्तकातला. आजारी मुलं, त्यांची उशाशी बसलेली नर्स आणि रात्री सांगितलेली गोष्ट, हे सगळं त्या देशात खरोखरच एकत्र नांदतं. ज्यांच्या आईने अशा वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, ते रडणारच.

आता दिरांना एक सांगा. उंच टोपी घालून, सिगार हातात धरून टेकडीवर उभा राहतो तो माणूस म्हणजे इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अभियंता. त्या रेल्वेचा कारखाना स्विंडनला होता आणि आजचं शहर त्या कारखान्याभोवतीच वाढलं. 1986 साली तो बंद झाला. गोव्याची कितीतरी कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवर आज त्याच शहरात संसार करतात. तेव्हा तुमच्या दिरांना त्या धुराड्यांत आपल्या गावचं काही दिसलं असेल तर नवल नाही.

माझं मन मात्र आणखी एका गोष्टीसाठी भरून येतं. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. 19 डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या संचलनासाठी मुलांची कवायत बसवणं हे माझं काम. पाहुणे उशिरा येतात, मुलं उन्हात उभी राहतात आणि बहुतेक वेळा त्यांना कुणी सांगतही नाही की आपण कशासाठी उभे आहोत. लंडनला सुमारे साडेसात हजार स्वयंसेवक होते. कुणाला मानधन नव्हतं. लंडनच्या डॅगनम भागात उघड्यावर, पावसात त्यांच्या तालमी चालल्या. बॉइल यांनी त्यांना सगळा खेळ समजावून सांगितला आणि बाहेर फोडू नका अशी विनंती केली. हजारोंच्या खिशात कॅमेऱ्याचे फोन होते, तरी लोकांनी गुपित राखलं. मुलांवर असा विश्वास टाकला तर मुलं काय करतात हे मी पाहिलं आहे. एकदा सांगितलं की हा हात कुणाला मानवंदना देण्यासाठी वर आहे, तर तो हात थरथरतो, पण खाली येत नाही. शाळांनी तो सोहळा बघावा असं मी म्हणते ते एवढ्यासाठीच.

त्यांच्या गिरण्या दाखवल्या, पण त्या गिरण्यांना कापूस कुठून आला ते दाखवलं नाही. साम्राज्य गाळून इतिहास सांगणं तुम्हाला पटतं?
एक वाचक, डिचोली

नाही पटत. लँकेशरच्या मागांवर अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस गेला, आपल्या देशातलाही गेला, आणि तेच कापड परत येऊन आपल्या विणकरांच्या पोटावर बसलं. मैदानात मजूर होते, मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रिया होत्या, 1948 साली कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन आलेलं विंडरश जहाजही होतं. पण ती माणसं आधी कुणाच्या सत्तेखाली होती याबद्दल शब्द नाही.

त्याहून मला बोचलं ते वेगळंच. ब्रुनेलच्या तोंडी जे भाषण आहे ते शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधल्या कॅलिबनचं. कॅलिबन कोण? ज्याचं बेट परक्याने येऊन बळकावलं आणि ज्याला गुलाम केलं, तो. त्याचे बेटाबद्दलचे सगळ्यात कोवळे शब्द काढून घेतले आणि जिंकणाऱ्यांच्या अभियंत्याला दिले. उत्सवी नाटकात कुणी असं पात्र बदललं असतं तर आपल्या फोंड्याच्या प्रेक्षकाने दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर जाब विचारला असता. हा प्रश्न ब्रिटनमध्ये अधिक जोराने विचारला जायला हवा होता. तिथल्या हुजूर पक्षाच्या एका खासदाराने उलटीच तक्रार केली की सोहळ्यात डावेपणा आणि बहुसांस्कृतिकपणा फार झाला.

तरीही मी तो बघावा म्हणते. जे आहे ते मन लावून बघावं, आणि जे नाही ते मुलांना आपण सांगावं.

भारताच्या पथकात लाल कपड्यांतली ती मुलगी घुसली तेव्हा आम्ही पहाटे जागे होतो. अजून राग जात नाही. तुम्ही त्यावर लिहिलं नाहीत.
एक वाचक, काणकोण

राग रास्त आहे. सुशील कुमार तिरंगा घेऊन पुढे, मागे पिवळे फेटे आणि पिवळ्या साड्या, आणि पहिल्या रांगेत लाल टॉप, निळी पँट घातलेली अनोळखी मुलगी. कॅमेरा तिच्यावर गेला. अनेक खेळाडूंच्या आयुष्यात अशी फेरी एकदाच येते आणि त्यातले ते काही क्षण त्यांच्या हातून गेले. पथकप्रमुखांनी आक्षेप घेतला तो बरोबरच. आयोजकांच्या वतीने सेबॅस्टियन को यांनी सांगितलं की ती सोहळ्यातलीच कलाकार होती, अतिउत्साहात चालत गेली.

पण मग आपल्याकडे तिच्या नावाने जे काही बोललं गेलं, ते मला सहन झालं नाही. चूक तिची होतीच. तिला थांबवणं हे मैदानावरच्या व्यवस्थापकांचं काम होतं आणि त्यांनी ते केलं नाही. कवायतीत एखादी मुलगी भलत्या रांगेत शिरली तर मी आधी त्या रांगेच्या प्रमुखाला बोलावते.

अमेरिकेत त्या सोहळ्यातलं एक नृत्य दाखवलंच नाही म्हणतात. खरं का?
एक विद्यार्थिनी, मडगाव

खरं आहे. मृत्यू आणि आठवण हा विषय घेऊन अक्रम खान यांनी ते बसवलं होतं आणि एमेली सँडे गात होत्या. त्याआधी पडद्यावर प्रेक्षकांच्या गेलेल्या माणसांची छायाचित्रं होती. ऑलिंपिक लंडनला मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 7 जुलै 2005 ला, शहरात बॉम्बस्फोटांत 52 माणसं मारली गेली होती. बघणाऱ्यांनी ते नृत्य त्या दुःखाशी जोडलं. तिथल्या एनबीसी या वाहिनीने त्या जागी जलतरणपटू मायकेल फेल्प्सची मुलाखत लावली आणि कार्यक्रम अमेरिकी प्रेक्षकांसाठी बेतलेला आहे असं कारण दिलं. मला हे अक्षम्य वाटतं. मुलाखत दुसऱ्या दिवशीही दाखवता आली असती. अखंड सोहळा मिळेल तिथून मिळव आणि तो भाग बघ.

ज्योत सात अनोळखी मुलांनी का पेटवली? मोठा खेळाडू मिळाला नाही का?
एक वाचक, पेडणे

होते की! पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारे नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह मशाल घेऊन मैदानात आले आणि त्यांनीच ती या मुलांच्या हाती दिली. सात नामवंत खेळाडूंनी प्रत्येकी एक होतकरू मूल निवडलं होतं. रचनाकार थॉमस हेदरविक यांच्या त्या ज्योतपात्राला तांब्याच्या 204 पाकळ्या, प्रत्येक पथकामागे एक. पथकाबरोबर चालणारं मूल ती पाकळी हातात धरून आणत होतं, आणि खेळ संपल्यावर ती त्या त्या देशाला देण्यात आली. आपल्या तालुक्याच्या क्रीडामहोत्सवातही मशाल आमदारांच्या हाती न देता शाळेतल्या धावपटूच्या हाती द्यावी, असा अर्ज मी केला आहे. पेडण्यातून तुम्हीही करा.