सी शँटी गाताना ताल किती काटेकोर ठेवायचा आणि ऑथेंटिक म्हणजे नक्की काय?

तुम्ही लिहिलंय की सी शँटी, म्हणजे शिडाच्या जहाजावर काम करताना खलाशी गायचे ती गाणी, गाणारा तुमचा ग्रुप सहा जणांचा आहे, मेट्रोनोम (ताल धरायला टिकटिक करणारं यंत्र) लावून प्रॅक्टिस करता, तरी गाणं खलाशांचं वाटत नाही. आधी तो मेट्रोनोम बंद करा. मी स्वतः मर्चंट नेव्हीत इंजिनवाला होतो, शिडाच्या जहाजावर कधी काम केलं नाही, पण आता इंग्लंडात एका बंदराच्या गावात राहतो आणि तिथल्या पबमध्ये दर गुरुवारी हीच गाणी गातो, तेवढ्यावर सांगतोय.

एकदा एका जुन्या म्युझियम जहाजावर आम्हाला खरा दोर ओढायला दिला. शिडाचा आडवा वासा, आपल्याकडे परबाण म्हणतात ना, तसला वर चढवायचा होता. आम्ही हौसेने पबमधल्याच स्पीडने सुरू केलं आणि तिसऱ्या कडव्यात सगळे धापा टाकायला लागले, दोर परत खाली सरकला. मग निम्म्या स्पीडने गायलो आणि वासा हलला! तेव्हा कळलं की पुढचा माणूस ओळ म्हणतो ती बाकीच्यांनी श्वास घेऊन पकड बदलायची वेळ असते, आणि कोरसच्या ओळीत दोनदाच ओढायचं असतं. ते दोन झटके सगळ्यांचे एकदम पडले पाहिजेत, मधली ओळ ताणली काय, गुंडाळली काय, चालतं. मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघितलं असेल तर लगेच समजेल.

म्हणून गाणं निवडलं की आधी विचारा, हे कुठल्या कामाचं? 'हॉल अवे जो' मध्ये झटका फक्त 'जो' वर, तिथे सगळा जोर, बाकी निवांत. कॅपस्टनची, म्हणजे नांगर उचलायच्या उभ्या रहाटाची, गाणी वेगळी, तिथे दांडे ढकलत गोल गोल चालायचं असतं, झटका नाहीच, त्यामुळे ती चालत्या पावलांवर आणि लांब कोरसवाली. २०२१ मध्ये टिकटॉकवर गाजलेलं 'वेलरमन' तर न्यूझीलंडच्या व्हेल पकडणाऱ्यांचं, ते दोर ओढायचं गाणंच नाही, पण लोक तेव्हापासून सगळंच त्या दणदणीत ठोक्यावर गातात. वैताग येतो.

आणि ते समुद्री चाच्यांचे कपडे आणि ओढूनताणून काढलेला गावठी इंग्रजी उच्चार, प्लीज नको. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवर आयरिश, कॅरिबियन, आफ्रिकन-अमेरिकन सगळे होते, कितीतरी चाली तर अमेरिकेच्या दक्षिणेत जहाजांत कापसाचे गठ्ठे ठासणाऱ्या मजुरांकडून आलेल्या. तुमच्या मराठी उच्चारात गायलात तर काही बिघडत नाही. स्टॅन ह्यूगिलची रेकॉर्डिंग मात्र जरूर ऐका, तो गार्थपूल या ब्रिटिश शिडाच्या जहाजावर शँटी गाणारा होता, १९२९ मध्ये ते फुटलं तेव्हाही त्यावरच होता. मध्येच तो गळ्यातून एक उचकीसारखी किंकाळी काढतो, ती जमेपर्यंत आमच्यातल्या दोघांचे घसे बसले.

अजून एक, शेवट हळूहळू लांबवत नेऊ नका. जहाजावर काम झालं की मेट, म्हणजे काम करून घेणारा अधिकारी, ओरडायचा 'बिले!', म्हणजे दोर बांधा, आणि गाणं तिथेच तुटायचं, कडवं अर्धं राहिलं तरी. आम्ही पबमध्ये तसंच करतो, लोक दोन सेकंद एकमेकांकडे बघत राहतात, मग कोणीतरी टेबलावर ग्लास आपटतं.