पाण्याखालच्या बंदुकीला ‘पाणबंदूक’ म्हणावे का?

प्रश्न एका भाषांतरकार मैत्रिणीचा आहे. शीतयुद्धावरच्या मजकुरात सोव्हिएत नौदलाची, पाण्याखाली झाडता येणारी बंदूक आली. पाणबुडी, पाणसुरुंग, पाणतीर हे शब्द मराठीत रुळलेले, मग त्याच चालीवर ‘पाणबंदूक’ का नको, असे ती विचारते. शिवाय तिच्यातून जे सुटते त्याला गोळी म्हणायचे की तीर?

‘पाणबंदूक’ मला नको वाटतो. ‘पाण-’ हे रूप मराठीत फार लवचिक आहे. पाणकोंबडी पाण्याजवळ राहते, पाणचक्की पाण्याच्या जोरावर फिरते, पाणतीर पाण्यातून जातो. पाण्याशी नाते कसले, ते पुढचा शब्द ठरवतो. ‘पाणबुडी’त बुडण्याची क्रियाच आहे, त्यामुळे घोटाळा होत नाही. पुढे ‘बंदूक’ आली की मात्र मन आधी विचारते, तिच्यातून काय उडते? छऱ्याची बंदूक छरे उडवते, तशी पाणबंदूक पाणी उडवणार. ती तर रंगपंचमीला मुलांच्या हातात असते! युद्धाच्या गंभीर मजकुरात वाचकाला तिथे नेऊन सोडणे बरे नाही.

रशियन नावे या बाबतीत सरळ आहेत. १९७१ साली सोव्हिएत नौदलाने स्वीकारलेले पिस्तूल ‘एसपीपी-१’, म्हणजे ‘स्पेत्सियाल्नी पोदवोद्नी पिस्तोलेत’. १९७५ ची मोठी बंदूक ‘एपीएस’, तिच्या नावातही ‘पोदवोद्नी’ आहेच. ‘पोद’ म्हणजे खाली, ‘वोदा’ म्हणजे पाणी (आपल्या ‘उदक’शी त्याचे जुने नाते आहे). सरळ अर्थ ‘पाण्याखालचे’. मग मराठीतही ‘पाण्याखालची बंदूक’, ‘पाण्याखालचे पिस्तूल’ का नको? शब्द दोन झाले म्हणून काही बिघडत नाही. शासकीय किंवा तांत्रिक मजकुरात ‘जलांतर्गत’ चालेल. ‘जलांतर्गत अग्निशस्त्र’ मात्र टाळावे. पोलिसी बातम्यांत ‘अग्निशस्त्र’ रुळले असले, तरी जल आणि अग्नी शेजारी बसले की वाचक अर्थ सोडून शब्दांतच अडकतो.

आता एक इशारा. इंग्रजी मजकुरात एपीएसला सर्रास ‘रायफल’ म्हटलेले आढळते. ते मराठीत उतरवू नये. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात म्हणून ती रायफल. त्या खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती हवेत सरळ जाते. एपीएसची नळी आतून गुळगुळीत आहे. तिला ‘बंदूक’ म्हणणेच अचूक. ‘बंदूक’ अरबी ‘बुंदुक’वरून आला. तो आधी एका कवचाच्या फळाचा शब्द, मग तेवढ्या छोट्या गोळीचा, आणि पुढे ती फेकणाऱ्या हत्याराचा. नळी कशी आहे याबद्दल त्यात काहीच अट नाही.

नळी गुळगुळीत का, हे कळले की गोळी की तीर हा प्रश्नही सुटतो. पाण्यात दारू भिजते म्हणून बंदूक चालत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. काडतूस बंद असते आणि दारूला जळायला लागणारा प्राणवायू दारूतल्याच रसायनांतून मिळतो. अडचण पुढे आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. फिरकीच्या बळावर सरळ जाणारी नेहमीची गोळी तिथे डगमगते, आडवी होते आणि मीटर-दोन मीटरमध्ये जोर गमावते. म्हणून रशियातल्या क्लिमोव्स्कच्या शस्त्र-संशोधन संस्थेत अभियंते व्लादिमिर सिमोनोव यांनी निराळाच मार्ग धरला. पिस्तुलाची गोळी ४.५ मिलिमीटर जाडीची आणि ११५ मिलिमीटर लांबीची, बंदुकीची १२० मिलिमीटर लांब. पुढचे टोक अणकुचीदार नाही, मुद्दाम चपटे ठेवलेले. ते वेगाने पाणी बाजूला सारते, गोळीभोवती वाफेची पोकळी तयार होते आणि त्या पोकळीतून गोळी सरळ धावते. फिरकीची गरजच उरत नाही. खोल जावे तसा पाण्याचा दाब पोकळीला दाबत जातो आणि पल्ला घटतो. एपीएसचा पल्ला ५ मीटर खोलीवर सुमारे ३० मीटर, तर ४० मीटर खोलीवर सुमारे ११.

आता ‘तीर’ घेऊन पाहा. तीर म्हटले की टोकदार अणी आणि मागे पिसे डोळ्यांपुढे येतात. इथे दोन्ही नाहीत. शिवाय ‘पाणतीर’ टॉर्पेडोने आधीच घेतला आहे. ‘सुई’ आणि ‘दाभण’ लांबी-जाडीला बरे, पण दोघांचे कामच टोचायचे. चपट्या टोकाची बारीक लांब वस्तू म्हणजे आपली सळई. ‘गोळी’ मूळची गोल असली तरी आज बंदुकीची गोळी सहसा गोल नसते, त्यामुळे तो शब्द सोडायचे कारण नाही. पहिल्यांदा ‘सळईसारखी लांब गोळी’ लिहावे, पुढे नुसते ‘गोळी’. वारंवार फरक दाखवायचा असेल, तर ‘सळईगोळी’ हा जोडशब्द मला कानाला आणि अर्थाला दोन्हीकडून पटतो.

पुढे रशियात ‘एडीएस’ आली. ती हवेत नेहमीची काडतुसे झाडते आणि पाण्याखाली खास काडतुसे. तिच्या नळीत खाचा आहेत, म्हणून ती रायफलच. तिच्यासाठी ‘उभयचर रायफल’ असा तयार शब्द आहे. पाण्याखालच्याच जर्मन पी-११ पिस्तुलाच्या पाच नळ्या पुन्हा भरण्यासाठी कारखान्यात पाठवाव्या लागतात. तिथे ‘नळ्यांचा संच’ म्हटले की पुरे.

मैत्रिणीने जाता जाता पाण्याखाली लढणाऱ्या सैनिकासाठी ‘बेडूकमानव’ही विचारला आहे. तो इंग्रजी ‘फ्रॉगमन’ची नक्कल आहे. ‘पाणबुडा’ असताना त्याची काहीच गरज नाही. पण इथे मराठीची एक खरी अडचण आहे. पाणबुडा आणि पाणबुडी यांचे अनेकवचनी सामान्यरूप एकच होते. ‘पाणबुड्यांची बंदूक’ वाचून ती माणसांची की नौकांची ते कळत नाही. शीतयुद्धाच्या मजकुरात हे पानोपानी येणार. १९५५ च्या ऑक्टोबरात सेवास्तोपोलच्या बंदरात ‘नोवोरोसियस्क’ ही सोव्हिएत युद्धनौका स्फोटात बुडाली, ६०० हून अधिक माणसे गेली, आणि परक्या पाणबुड्यांवर संशय घेतला गेला. पाहा, याही वाक्यात संशय कोणावर, ते संदिग्धच राहिले. एकवचनात ‘पाणबुड्याची’ आणि ‘पाणबुडीची’ हा फरक स्पष्ट राहतो. तेव्हा शक्य तिथे एकवचन वापरावे. नाहीतर ‘पाणबुडे सैनिक’ असे लिहावे आणि प्रत्यय ‘सैनिक’ला लावावा: ‘पाणबुड्या सैनिकांची बंदूक’.