दुसऱ्या दिवशी उमटणारे दुखणे

नेहमीपेक्षा कठीण व्यायाम सुरू करून माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. व्यायाम करताना काहीच झाले नाही, रात्री झोपही छान लागली, पण दुसऱ्या दिवशी अंग असे आंबले की आत काहीतरी फाटले असावे, अशी धास्ती बसली. कोल्हापुरातील एका शिक्षिकेची ही हकीकत त्यासाठी सांगण्यासारखी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या या बाई रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जात. तेवढ्याने भागत नाही असे वाटून त्यांनी जिम लावली आणि पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीने बैठका व डंबेल घेऊन लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकत खाली जाण्याचा व्यायाम, केले. तिसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या, म्हणजे शेवटची वीतभर उंची त्यांनी अक्षरशः अंग टाकून दिले. म्हणाल्या, “मॅडम, जिना चढताना एवढं काही वाटत नाही, पण उतरताना मांड्या जीव काढतात.”

निदानाच्या दृष्टीने हे वाक्य फार मोलाचे होते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना किंवा बैठकीत सावकाश खाली जाताना तोच स्नायू शरीराचा भार तोलत लांबत जातो, आणि सवय नसलेल्या अशा कामात त्याच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. त्या इजेवर शरीराची दाहाची प्रतिक्रिया उमटायला वेळ लागतो, म्हणून दुखणे साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होते, २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते आणि बहुधा आठवड्याच्या आत ओसरते. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म इजेशी जोडला होता; तरीही सारा दोष लॅक्टिक अ‍ॅसिडला देण्याची पद्धत जिममध्ये अजून टिकून आहे. व्यायामात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे याच अ‍ॅसिडचे शरीरातील रूप, तासाभरात जवळजवळ पूर्ववत होते, मग परवाच्या दुखण्याला ते जबाबदार कसे असेल?

घरी त्यांना दोन सल्ले मिळाले होते. यजमानांचे म्हणणे, हे खूळ सोडून द्यावे. तरुणपणी तालमीत घुमलेले सासरे म्हणत, “अगं, त्यावरच आणखी पन्नास बैठका मार, दुखणं आपोआप मोडतंय.” सासऱ्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, कारण हालचालीने दुखणे तात्पुरते हलके होते, आणि एकदा सोसलेला व्यायाम पुढच्या वेळी स्नायूंना पुष्कळच कमी आंबवतो. मात्र त्या बळावर आंबलेल्या मांड्यांकडून लगेच तेवढेच काम करून घेणे मला मान्य नाही, कारण अशा दिवसांत स्नायूंची ताकद खरोखरच घटलेली असते आणि तोल जाऊन भलतीच इजा होऊ शकते.

दुखणे दोन्ही मांड्यांत सारखे होते, सांधा सुजलेला नव्हता, व्यायाम करताना कळ आलेली नव्हती. लघवीचा रंग मी मुद्दाम विचारला. ती कोऱ्या चहासारखी गडद झाली, स्नायू फार सुजले किंवा पाय उचलेनासा झाला, तर स्नायूंची मोठी झीज होऊन मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो, आणि मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. तसे काही नव्हते. रंकाळ्यावर सावकाश चालावे, मांड्यांचा जड व्यायाम दुखणे ओसरेपर्यंत थांबवावा, हवे तर हलके मालीश घ्यावे, एवढेच मी सांगितले. स्नायू ताणण्याच्या व्यायामांनी (स्ट्रेचिंग) यात फारसा फरक पडत नाही. वेदनाशामक गोळ्यांची सवय मात्र लावून घेऊ नये, घाम गाळून पाणी कमी प्यायलेले असताना तर मुळीच नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी निम्म्याहून कमी बैठकांपासून पुन्हा सुरुवात केली आणि आणखी काही दिवसांनी उलटीच काळजी घेऊन आल्या: आता काहीच दुखत नाही, म्हणजे व्यायाम लागत नाही का? माझ्या मते ही समजूत पहिल्या भीतीपेक्षा अधिक नुकसान करते, कारण तिच्यापायी माणसे दुखणे येईपर्यंत वजन वाढवत राहतात. दुखणे हे नव्या ताणाचे लक्षण आहे, प्रगतीचे माप नव्हे. मी त्यांना वहीत बैठकांची संख्या व वजन लिहायला सांगितले, आणि दोन्ही एकाच आठवड्यात वाढवायचे नाही, एवढी अट घातली.