आधी तो तक्ता भिंतीवरून काढा

नमस्कार काका, पत्र दोनदा वाचलं. मुलगी पुण्यात बी.प्लॅनच्या (नगर नियोजनाची पदवी) दुसऱ्या वर्षाला, प्लॅनिंग थिअरीत 38 पडले, म्हणून तुम्ही सोलापूरहून रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करून बावीस थिअऱ्या घोकून घेता आणि तरी पाठ होत नाही म्हणून आता सिव्हिलला टाकू का, असं विचारताय. स्टुडिओत, म्हणजे नकाशे-आराखडे काढायच्या विषयात, 71 आहेत हे मात्र कंसात! जे तिला जमतं ते कंसात का हो? आणि एवढ्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही, शेजाऱ्यांच्या सिव्हिलवाल्या मुलाचं पॅकेज तेवढं दोनदा आहे. मला 38 पेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

भिंतीवरच्या थिअऱ्यांच्या तक्त्याचा फोटो बघितला. बर्जेस, ख्रिस्टालर, लिंडब्लॉम, डेव्हिडॉफ एकाखाली एक, मध्ये बाण, म्हणजे नवी आली की जुनी बाद. इथेच घोळ आहे, ही एक रांगच नाही. बर्जेसची 1925 ची वर्तुळं शहर कसं पसरतं ते सांगतात, ख्रिस्टालर 1933 मध्ये लहानमोठी गावं-बाजारपेठा कशा वसतात ते सांगतो. लिंडब्लॉम (1959) आणि डेव्हिडॉफ (1965) बोलतात ते प्लॅनिंग या कामाबद्दल, एक म्हणतो सरकार थोडंथोडं चाचपडतच पुढे जातं, दुसरा म्हणतो प्लॅनरने दुबळ्यांची वकिली करावी. फालुडी या अभ्यासकाने 1973 मध्ये हीच दोन खाती, शहराबद्दलच्या थिअऱ्या आणि प्लॅनिंगच्या कामाबद्दलच्या थिअऱ्या, वेगळी मांडली. आणि बाद वगैरे काही होत नाही, मुंबईचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, घ्या ना, जमीनवापराचा सर्व्हे आणि वीस वर्षांचा अंदाज हा जुना रॅशनल, म्हणजे आधी माहिती मग आखणी असा, कारभार, पण 2015 चा मसुदा आला तेव्हा हरकतींचा एवढा पाऊस पडला की सरकारने तो नव्याने करायला लावला, आणि वस्त्यांमध्ये नकाशे समजावून लोकांकडून हरकती लिहून घेणाऱ्या संस्था होत्या, तो डेव्हिडॉफच झाला की! एकाच डीपीत तुमचे तीन-चार बाण उलटसुलट फिरतात. हे घोकून कसं येणार?

पुढच्या शिक्षणासाठी गेटची परीक्षा आहे, एमपीएससीची नगररचनाकाराची पदं आहेत, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी बघू. सिव्हिलचं स्पष्ट सांगतो, नको. निदान तुमच्या पत्रात तरी त्याला एकही कारण सापडलं नाही.

नऊचा कॉल चालू ठेवा, फक्त जेवलीस का विचारा आणि स्टुडिओत काय काढतेयस ते दाखव म्हणा. पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवायचं.