ग्रीनलंड तापलं, अंटार्क्टिका निवलं. मधली दोनशे वर्षं कुठे गेली?

प्रश्न : मागच्या हिमयुगात ग्रीनलंड अचानक तापलं, की अंटार्क्टिका थंड व्हायला लागायचं, असं वाचलं. एवढ्या जुन्या बर्फाची वयं दोन्हीकडे जुळवतात कशी? आणि एक तापल्यावर दुसरा का निवतो?

उत्तर : तुम्ही वयांबद्दल विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण सगळी मेख तिथेच आहे. शिकत असताना मी दोन्ही ध्रुवांचे तापमानाचे आलेख ट्रेसिंग पेपरवर काढून एकमेकांवर सरकवत बसायचे. जरा डावीकडे सरकवलं की उत्तर ध्रुव पुढे, उजवीकडे सरकवलं की दक्षिण ध्रुव पुढे! चाळीस हजार वर्षांपूर्वीचे थर मोजताना शेकडो वर्षांची चूक सहज होते, आणि तेवढ्यात कारण कुठलं नि परिणाम कुठला हेच उलटतं.

सोडवणूक केली बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी. मिथेन वायू साधारण वर्षभरात दोन्ही गोलार्धांत मिसळतो. त्यामुळे ग्रीनलंडच्या बुडबुड्यांत मिथेन एकदम वाढलेला दिसला, की अंटार्क्टिकातली तीच वाढ शोधायची. तो क्षण दोन्हीकडे एकच. अडचण अशी, की बर्फ घट्ट होऊन बुडबुडे बंद होतात ते बऱ्याच खोलीवर, म्हणून आतली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते. पूर्व अंटार्क्टिकात बर्फ इतका कमी पडतो, की हिमयुगात हा फरक काही हजार वर्षांचा होता. पश्चिम अंटार्क्टिकात ‘वेस डिव्हाइड’ इथे बर्फवृष्टी भरपूर, म्हणून तिथे तो काही शेच वर्षांचा. तिथून ३,४०५ मीटर खोलीपर्यंतचा बर्फ काढला, आणि २०१५ साली उत्तर मिळालं: ग्रीनलंडमधल्या उडीनंतर सरासरी सुमारे २०० वर्षांनी अंटार्क्टिकाचा कल उलटतो. ग्रीनलंड तापो वा गारठो, उशीर जवळपास तेवढाच.

हा उशीर मला त्या उड्यांहून मोलाचा वाटतो. वाऱ्याने निरोप नेला असता तर तो काही वर्षांत पोचला असता. दोनशे वर्षं लागतात याचा अर्थ तो समुद्रातून जातो. अटलांटिकमधला प्रवाह दक्षिण गोलार्धातली उष्णता विषुववृत्त ओलांडून उत्तरेला नेतो. तो मंदावला की ग्रीनलंड गारठतं आणि उष्णता दक्षिणेत साचत राहते. पुन्हा जोमाने वाहू लागला की ग्रीनलंड काही दशकांत ८ ते १६ अंशांनी तापतं. अंटार्क्टिकाभोवतीचा महासागर मात्र प्रचंड साठा आहे, तो सावकाश भरतो नि सावकाश रिकामा होतो. म्हणून तिथले बदल १ ते ३ अंशांचे आणि शतकानुशतकं चालणारे. याला ‘सी-सॉ’ म्हणतात, पण त्या शब्दाने दोन्ही टोकं एकाच वेळी हलतात असा समज होतो, म्हणून मला तो पटत नाही.

वाऱ्याचा वाटा अगदीच नाही असंही नव्हे. २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की दक्षिण गोलार्धात पश्चिमेकडून वाहणारे वारे ग्रीनलंडच्या तापमानाबरोबरच सरकतात आणि अंटार्क्टिकाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळा परिणाम लगेच करतात. दोनशे वर्षांनी येणारा समुद्राचा निरोप त्याहून निराळा.

स्वतः पाहायचं असेल तर हिमयुगाच्या शेवटाचे आलेख घ्या. १४,७०० वर्षांपूर्वी ग्रीनलंड एकदम वर उसळतं, आणि दक्षिणेत हजारो वर्षं चाललेली तापमानवाढ थांबून उतार लागतो. १२,९०० च्या सुमारास उत्तर पुन्हा गारठतं, आणि अंटार्क्टिका परत तापू लागतं.