‘मान्य आहे’ म्हटल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसेल, तर

प्रश्न : मुलुंडला माझे एकटीचे फिजिओथेरपी क्लिनिक आहे. रुग्णांच्या नोंदींसाठी मी २०२२ मध्ये कायमस्वरूपी परवान्याचे सॉफ्टवेअर विकत घेतले. गेल्या महिन्यात ते आपोआप अपडेट झाले. आता सर्व नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्यास संमती दिल्याशिवाय ते उघडत नाही आणि जुनी आवृत्तीही मिळत नाही. मी काय करावे?

उत्तर : तूर्त ते बटण दाबू नये. रुग्णांनी आपले आजार विश्वासाने आपल्याला सांगितले आहेत, कंपनीला नव्हे. त्यांना न विचारता त्यांच्या वतीने सरसकट संमती देणे उचित नाही. उपचार अडू नयेत म्हणून आपल्या संगणकातील सर्व नोंदींची प्रत काढून देण्याची मागणी कंपनीकडे आजच लेखी करावी.

अपडेट करण्याचा अधिकार परवान्यातच आहे, असे कंपनी म्हणेल. सुरक्षेतील त्रुटी दूर करणाऱ्या अपडेटपुरते ते मान्य करावे लागेल आणि अशी अपडेट बंद ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. परंतु नोंदींची जागाच बदलणे आणि नकार देणाऱ्याला पैसे मोजून घेतलेली वस्तू वापरू न देणे, ही दुरुस्ती नसून ठरलेला व्यवहार एकतर्फी बदलणे आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग यांना दंड केला, तेव्हाही फोन मंदावणारी अपडेट घ्यायला लावून पूर्वस्थितीवर येण्याची सोय न ठेवणे हा एक मुख्य आक्षेप होता. तो निर्णय येथे बंधनकारक नाही, तरी युक्तिवादात त्याचा आधार घेता येईल.

कंपनीचा खरा बचाव वेगळा असेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ चे नियम आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील मानतात, मात्र संमती नाकारल्यास सेवा नाकारण्याची मुभाही कंपनीला देतात. ही मुभा ज्या सेवेसाठी माहिती मागितली तिच्यापुरतीच आहे, आणि आपले सॉफ्टवेअर तर इतकी वर्षे कोणतीही नोंद बाहेर न पाठवता आपल्याच संगणकावर चालत होते. हा मुद्दा तक्रारीत ठळकपणे मांडावा. संमती मुक्त आणि आवश्यक माहितीपुरती असावी, असे सांगणाऱ्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील मुख्य तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित वेळापत्रकानुसार १८ महिन्यांनी लागू होणार असल्याने केवळ त्यांवर विसंबू नये.

पंधरा दिवसांची नोटीस देऊन, दाद न मिळाल्यास, वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी. आपण स्वयंरोजगारातून उपजीविका करता हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे, अन्यथा व्यापारी हेतूने खरेदी केल्यामुळे आपण ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. मागणी सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर आधारावी, कारण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४६) खालील अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत खरेदीपासून नव्हे, अपडेटपासून मोजली जावी, असे म्हणता येईल. पावती, मूळ अटी आणि संमती मागणाऱ्या पडद्याची छायाचित्रे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह जोडावीत. जुनी आवृत्ती तात्काळ सुरू करून देण्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम (अंतिम निकालापूर्वीच्या) आदेशाचा अर्जही तक्रारीसोबतच द्यावा.